सिस्टर आधी कोणाकडे जाते?

दुपारचे दोन. सकाळची सिस्टर घरी जायच्या घाईत, मी नुकतीच एप्रनची बटणं लावत आलेली, आणि आम्ही दोघी एकेका कॉटपाशी थांबून ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती, देतोय-घेतोय. आज माझ्याकडे सहा पेशंट आहेत. सहाच का, तर लेखात तेवढेच मावतात. खऱ्या वॉर्डात दुप्पट-तिप्पट असले तरी कुणाला नवल वाटत नाही. हे सहाही जण मी रचलेले आहेत, पण मेडिसिन आणि सर्जरीचे पेशंट एकाच मजल्यावर असलेल्या कुठल्याही मध्यम रुग्णालयात ते तुम्हाला भेटतील.

पहिल्या बेडवर एक तरुण आहे. सकाळची पहिलीच केस, हर्निया, कमरेत इंजेक्शन देऊन केलेलं ऑपरेशन. तो ओटीपोट धरून ओरडतोय आणि त्याच्या भावाने आतापर्यंत तीनदा बेल वाजवली आहे. दुसऱ्यावर पासष्टीचे आजोबा, काल दुपारी मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांच्याबद्दल ओव्हरमध्ये एवढंच कळलं: "शांत पडून आहेत, काही त्रास नाही." तिसऱ्यावर बावीस वर्षांची मुलगी, डेंग्यू, आज पाचवा दिवस. ताप सकाळपासून उतरलाय, आई डिस्चार्जचं विचारतेय. चौथ्या बेडवरच्या आजींनी आयुष्यभर चुलीपुढे धूर गिळला. विडीला कधी हात न लावता त्यांची फुप्फुसं विडी ओढणाऱ्यासारखी झाली आहेत. नाकाला ऑक्सिजनची नळी, बोटाला यंत्र, यंत्रावर ९०. पाचव्या बेडवर मधुमेही काकू, पायाची जखम. त्या नवऱ्यावर चिडल्या आहेत. सहाव्या बेडवरचे गृहस्थ बरे होऊन कपडे बदलून बसलेत. डिस्चार्जचे कागद अकरापासून तयार होतायत म्हणून ते माझ्यावर चिडले आहेत.

दोनची औषधं द्यायची आहेत. दोन सलाईन संपत आलीत. फोन वाजतोय.

नर्सिंग म्हणजे इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग असा लोकांचा समज असतो. ती हातची कामं झाली, सहा महिन्यांत हात बसतो. वर्षं जातात ती एका प्रश्नाचं उत्तर शिकण्यात: आधी कोणाकडे? बेल वाजवणारा, आवाज चढवणारा, ओळखीचा असलेला पेशंट आपोआप पहिला नंबर लावतो. त्याला तो लावू न देणं, हे माझ्या मते या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य. खरा धोका बहुतेक वेळा आवाज करत नाही.

म्हणून आधी एक फेरी. प्रत्येकापाशी अर्धा मिनिट, हातात काही न घेता. दारातून बघते तेव्हा डोक्यात एक उतरंड असते. श्वासाची वाट मोकळी आहे का? श्वास कसा चाललाय? रक्त नीट फिरतंय का? माणूस शुद्धीवर, नेहमीसारखा आहे का? आणि शेवटी पांघरूण बाजूला करून: अंगावर, जखमेवर, पाठीखाली काय आहे? जगभर ही उतरंड ए-बी-सी-डी-ई म्हणून शिकवतात. क्रम असाच का, याचं कारण साधं आहे. जे सगळ्यात लवकर जीव घेतं, ते आधी. वाट पूर्ण बंद झाली तर हाताशी मोजकी मिनिटं असतात. रक्तस्रावात बहुधा त्याहून थोडा जास्त वेळ मिळतो. जंतुसंसर्गात तास मिळतात, पाठीला बेडसोर व्हायला तासांपासून दिवस लागतात. सगळंच महत्त्वाचं, पण सगळ्यांची घड्याळं वेगळी.

जो माणूस पूर्ण वाक्य एका दमात बोलतो, त्याच्या पहिल्या दोन-तीन पायऱ्या एका फटक्यात तपासून होतात. म्हणून आम्ही येता-जाता "काय काका, जेवलात का?" विचारतो. उत्तरापेक्षा ते उत्तर कसं आलं हे ऐकायचं असतं. चौथ्या बेडच्या आजी मला म्हणाल्या, "तुमच्याकडचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी गं बाई." एवढं लांब वाक्य मध्ये न थांबता. यंत्रावर ९० दिसत असूनही मी पुढे सरकले. का, ते पुढे सांगते.

पाचव्या बेडपाशी मात्र थबकले. काकूंच्या कपाळावर, ओठावर घाम. पंखा चालू, बाहेर पाऊस, शेजारच्या बेडवर लोक चादर ओढून बसलेत आणि यांना घाम. हात धरला तर गार, ओला आणि बारीक थरथरणारा. नवरा म्हणाला, "काही नाही हो, उपासाने चिडचिड होते तिची." उपास? आज संकष्टी. बारा वाजता इन्सुलिन टोचलं गेलं, साडेबाराला ताट आलं आणि काकूंनी ते गुपचूप नवऱ्याला जेवायला लावलं. चार्टवर 'जेवण घेतले' अशी नोंद, कारण ताट रिकामं परत गेलं होतं.

बोटाला सुई, ग्लुकोमीटरवर ५२. शुगर ७० च्या खाली गेली की ती कमी धरतात, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. मेंदूला साखरेचा साठा करता येत नाही. पुरवठा तुटला की आधी माणूस चिडतो, घामाघूम होतो, मग अडखळतो, बरळतो, मग फिट किंवा बेशुद्धी. पहिल्या पायरीवर हा माणूस आजारी न दिसता फक्त भांडखोर दिसतो आणि म्हणून निसटतो. उपाय स्वयंपाकघरातला आहे. पेशंट शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यात घालून. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. अजूनही ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. वर आली की काहीतरी पोटभरीचं. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतायचं नाही. ते फुप्फुसात जातं. तिथे शिरेतून ग्लुकोज. काकू आधी नको म्हणाल्या. मग मी म्हटलं, साखर उपासाला चालते. तेव्हा प्यायल्या.

हे सगळं तीन-चार मिनिटांचं काम. १५ मिनिटांनी परत यायची वेळ मी हातावर पेनाने लिहिली आणि दुसऱ्या बेडकडे गेले. त्या शांत आजोबांकडे.

शांत हा शब्द ओव्हरमध्ये ऐकला की मला उलट कान टवकारायची सवय लागली आहे. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी माणूस कण्हतो, कूस बदलायला नाही म्हणतो, पाणी कधी मिळेल विचारतो. हे आजोबा डोळे मिटून होते. हाक मारल्यावर लगेच बोलले, पण चेहरा फिकट. मी मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं आणि नाडी मोजायचं नाटक करत त्यांची छाती बघत राहिले. नाटक अशासाठी की "तुमचा श्वास मोजते" म्हटलं की माणूस श्वास बदलतो. पूर्ण एक मिनिट मोजायचा. २२ भरला.

इथे जरा थांबते, कारण श्वास मोजणं हे आमच्या पेशातलं सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास लिहायचा तक्ता, उघडून बघा. नाडी वेगवेगळी, ताप वेगवेगळा, श्वास मात्र सगळ्यांचा १८ किंवा २०, जणू अख्खा वॉर्ड एका तालावर श्वास घेतोय. नाडी आणि बीपी यंत्र मोजतं. श्वास मोजायला माणसाला एक मिनिट उभं राहावं लागतं आणि तेच नसतं. शिकाऊ असताना मीही हे केलंय. एका पेशंटच्या नावापुढे १८ लिहून पुढे गेले. इन्चार्ज सिस्टर मागून आल्या, त्यांनी मोजला, २८. त्या ओरडल्या नाहीत. मला त्या पेशंटशेजारी स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "आता दहा मिनिटं नुसतं बघ." त्या दहा मिनिटांइतकं मी एखाद्या वर्षातही शिकले नसेन.

मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. शरीरात कुठेही बिघाड सुरू झाला, रक्त कमी पडलं, जंतू पसरले, फुप्फुसात पाणी आलं, की पेशींना ऑक्सिजन पुरेनासा होतो, रक्तात आम्ल वाढतं, आणि ते बाहेर टाकायला शरीर श्वासाचा वेग वाढवतं. हे बहुधा बीपी कोसळण्याच्या पुष्कळ आधी घडतं. बीपी शेवटपर्यंत सांभाळायची शरीराची जिद्द असते. शिरा आवळून, हृदय पळवून ते आकडा टिकवतं. तो पडला म्हणजे शरीराची युक्ती संपली. त्यामुळे "बीपी चांगलं आहे ना?" या प्रश्नाला हो म्हणूनही पेशंट धोक्यात असू शकतो.

बोटाच्या यंत्राचंही असंच. सॅच्युरेशन ९७ दिसतंय म्हणजे सगळं ठीक, असं कोविडच्या काळापासून घरोघरी बसलंय. हे यंत्र रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांवर ऑक्सिजन चढलाय ते सांगतं. एसटीच्या गाड्या भरून चालल्यात का, हे ते सांगतं. डेपोत गाड्या आहेत किती, हे सांगत नाही. हिमोग्लोबिन ५ असलेल्या बाईचं सॅच्युरेशन ९९ दिसू शकतं आणि जिना चढताना तिचा जीव जाऊ शकतो. शिवाय बोट गार असेल, नखाला गडद नेलपॉलिश असेल तर आकडा भरवशाचा राहत नाही. मेंदीच्या हातांचाही मी एकदा दुसऱ्या बोटावर पडताळा घेते. आणि आकडा ९० च्या खाली उतरला की पुढे घसरगुंडी असते: तिथून रक्तातला ऑक्सिजन थोडा कमी झाला तरी टक्का झपाट्याने पडतो.

आजोबांकडे परत येते. नाडी ११२, बीपी १०८ वर ६८, ताप नाही, सॅच्युरेशन ९६. एकेक आकडा सुटा दाखवला तर कुणीही म्हणेल, बरंय की. पण बारा वाजता नाडी ९० होती, बीपी १२२, श्वास १८. आकडा किती यापेक्षा तो कुठून कुठे निघालाय हे बघायचं. युरोबॅगेत, म्हणजे लघवी साठायच्या पिशवीत, दोन तासांत ३५ मिली. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे तासाला निदान अर्धा मिली लघवी व्हायला हवी. ६० किलोच्या आजोबांना दोन तासांत ६०. मूत्रपिंडाकडे रक्त कमी गेलं की ते आधी पाणी धरून ठेवतं, म्हणून लघवीची पिशवी हा वॉर्डातला फार प्रामाणिक साक्षीदार. (कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, पिळवटलाय का, हे आधी बघायचं. अर्धा वॉर्ड पळवून नंतर नळी मांडीखाली दबलेली सापडल्याचे प्रसंग प्रत्येक सिस्टरकडे आहेत.)

हे सगळे आकडे एकत्र जोडायची एक पद्धत आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये 'न्यूज' नावाची गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये सुधारून 'न्यूज-२' केली. श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लावलाय का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, अशा सात गोष्टींना गुण. इथे गुण जितके जास्त तितकी काळजी जास्त, शाळेच्या उलटं. आजोबांचा श्वास २२ म्हणजे २ गुण, नाडी ११२ म्हणजे २, बीपी १०८ म्हणजे १. एकूण ५. पाचला डॉक्टरांनी तातडीने येऊन बघायचं असतं, सात किंवा वर गेलं की आणीबाणी. कुठल्याही एकाच गोष्टीला ३ मिळाले तरी डॉक्टरांना लगेच कळवायचं. बारा वाजता याच आजोबांचा गुणांक शून्य होता.

मी पांघरूण काढलं. पोटावरची पट्टी कोरडी. तरी हात कुशीखालून पाठीकडे सरकवला, कारण रक्त उताराला वाहतं आणि वरून स्वच्छ दिसणाऱ्या ड्रेसिंगखाली चादर भिजलेली असू शकते. तीही कोरडी. ड्रेनच्या, म्हणजे पोटातलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, बाटलीत फारसं काही नाही. नवीन मुली इथे निर्धास्त होतात. पण ड्रेन रिकामा म्हणजे आत रक्त नाही असं नव्हे. नळीत रक्ताची गाठ अडकली तरी तो रिकामाच राहतो. पोटाला हात लावला तर सकाळच्या नोंदीपेक्षा ताठ, फुगलेलं.

आता डॉक्टरांना फोन. "सर, दोन नंबरला बरं वाटत नाहीये, येऊन जा" असा फोन केला तर उत्तर येतं, "राऊंडला बघतो." दोष सरांचा नाही. माझ्या वाक्यात त्यांना धावायला लावेल असं काही नव्हतंच. म्हणून बोलायचाही एक साचा आहे, अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून दवाखान्यांत आलेला: काय घडतंय, मागची हकिकत काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. "सर, बेड दोनचे आजोबा, काल दुपारी आतड्याचं ऑपरेशन. दोन तासांत नाडी ९० वरून ११२, श्वास २२, बीपी १२२ वरून १०८, लघवी दोन तासांत ३५. पोट ताठ झालंय, ड्रेन कोरडा. आत रक्तस्राव असेल अशी मला शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघा. तोवर रक्ताचे नमुने काढू का?" निदान करणं माझं काम नाही. पण शंका उघडपणे बोलून दाखवणं माझंच काम आहे, आणि आपल्याकडे सिस्टरना नेमकं हेच बोलायचा संकोच वाटतो. काही ठिकाणी तो वाटायला लावलाही जातो.

डॉक्टर येईपर्यंत आजोबांना आडवं ठेवलं, तोंडाने काहीही नाही, शिरेतली सुई चालू आहे ना ते पाहिलं, दुसरी सुई लावायची तयारी केली, रक्तगट आणि क्रॉसमॅचचे (द्यायचं रक्त जुळतं का ते बघायचे) कागद काढले. पाच-पाच मिनिटांनी पुन्हा आकडे. मावशींना सांगितलं, इथून हलू नका. वॉर्डातल्या मावशींची नजर ही कुठल्याही चार्टवर न येणारी संपत्ती आहे. "सिस्टर, ते बाबा काही बरे दिसत नाहीत" हे वाक्य मी किती तरी वेळा आधी मावशींकडून ऐकलंय आणि मग यंत्राकडून.

मध्येच काकूंकडे. शुगर ९६. घाम थांबलेला, नवऱ्याशी भांडण मिटलेलं. आता त्यांना दूध आणि राजगिऱ्याची वडी.

तिसऱ्या बेडची मुलगी. आई म्हणते, ताप गेला, प्लेटलेट ६० हजार आहेत, पपईच्या पानांचा रस देऊ का? डेंग्यूमध्ये सगळं घर प्लेटलेटच्या आकड्यावर डोळे लावून बसतं. वॉर्डात आमची नजर दुसरीकडे असते. डेंग्यूचा खरा धोक्याचा काळ बहुधा ताप उतरताना सुरू होतो, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, आणि एक-दोन दिवस टिकतो. या काळात बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात. रक्तातलं पाणी पोटात, छातीत झिरपतं आणि मागे राहिलेलं रक्त घट्ट होतं. म्हणून रिपोर्टात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, वाढतोय का ते बघायचं, आणि बीपीचे वरचा-खालचा असे दोन्ही आकडे. मुलीचं बीपी १०० वर ८४. वरच्या आकड्याला कोणी दचकणार नाही, सडपातळ मुलींचं १०० असतंच. पण दोहोंतलं अंतर १६. ते २० किंवा त्याहून कमी झालं की ही शॉकची सुरुवात धरायची. हातपाय गार. पोट दुखतंय, सकाळपासून तीन उलट्या, आणि मुलगी अस्वस्थ, सारखी कूस बदलतेय.

आता गंमत बघा. न्यूज-२ ने हिचे गुण मोजले तर बीपीचे २, नाडी १०४ चा १, एकूण ३. कमी धोक्याचा खाना. गुणपद्धत बीपीचा खालचा आकडा विचारातच घेत नाही. म्हणून मी नवीन मुलींना सांगते, गुण मोजा, पण गुण कमी आले म्हणून डोकं बंद करू नका. ते वॉर्डभर जाळं टाकतं, काही मासे त्यातून निसटतात. हिच्यासाठी वेगळा फोन गेला आणि सलाईनचा वेग डॉक्टरांनी ठरवला. सलाईन जास्त झाल्याचा त्रास नंतर होतो: दोन दिवसांनी झिरपलेलं पाणी रक्तात परत येतं, आणि तेव्हाही सलाईन जोरात चालू असेल तर ते फुप्फुसात साचतं. या मुलीचं मोजमाप पुढचे दोन दिवस तासातासाला.

आणि मग पहिला बेड, ज्याच्यासाठी बेल वाजत होती. भाऊ चिडलेला होता. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या डोळ्यांपुढे एकच पेशंट आहे. वेदना खरी असते, पेशंट सांगतो तेवढी असते. शून्य ते दहा अशी विचारायची आणि लिहायची. ती नुसती सहन करायचीही गोष्ट नाही. पोट दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ तळाशी बसतो आणि दोन दिवसांत छाती भरते. पण सुई टोचण्याआधी विचारलं, "लघवी कधी झाली?" सकाळपासून नाही. बेंबीखाली हात ठेवला तर नारळाएवढा घट्ट गोळा. कमरेतल्या इंजेक्शननंतर मूत्राशयाची जाणीव यायला वेळ लागतो, आणि हर्नियाच्या ऑपरेशननंतर पुरुषांची लघवी तुंबणं नेहमीचंच. पायांत ताकद पूर्ण आली होती, बीपी ठीक होतं. दोघांनी धरून उभं केलं, पडदा ओढला, बेसिनचा नळ सोडला. नाही झाली असती तर विचारून कॅथेटर. झाली. भरपूर. दुखणं आठवरून तीनवर. वेदनाशामक आधी टोचलं असतं तर गोळा तसाच राहून तो नुसता झोपला असता.

आता चौथ्या आजी, ज्यांना मी ९० वर सोडून पुढे गेले होते. नर्सिंगच्या परीक्षेत 'ऑक्सिजनवरचा पेशंट' दिसला की मुली तिथे आधी धावतात. पण आजींचा ९० नवा नाही, तो त्यांचा रोजचा आहे. जुनं, ठरलेलं दुखणं आणि आत्ता बदललेलं दुखणं, यांत बदललेलं आधी. अशा फुप्फुसांच्या काही पेशंटचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ मध्येच ठेवायचं असतं. जास्त ऑक्सिजन दिला तर त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ते गुंगीत जातात. डॉक्टरांनी तसं लिहून ठेवलं असेल तर न्यूज-२ मध्ये यांच्यासाठी वेगळी पट्टी वापरतात. तिच्यावर ९० ला शून्य गुण आहेत, आणि ऑक्सिजन लावून ९७ आणले तर ३. आजींचा मुलगा प्रेमाने ऑक्सिजनचा खटका वाढवायला निघाला होता. त्याचा हात धरून हे समजावलं. शेजारच्या पेशंटला लावलेला ९६ चा नियम आईला लागत नाही, हे पटायला त्याला वेळ लागला, पण पटलं.

त्याला आणखी एक काम दिलं. आई कधी अचानक जास्त झोपाळू वाटली, तारीख-वार चुकवायला लागली, तर लगेच सांग. नवा गोंधळ, म्हणजे कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज बरळणं, याला २०१७ च्या सुधारणेत थेट ३ गुण दिले गेले. तो "वयामुळे" नसतो. त्यामागे तुंबलेली लघवी, जंतुसंसर्ग, घसरलेलं सोडियम, कमी पडलेला ऑक्सिजन, एखादं नवं औषध, काहीही असू शकतं. आणि ते सगळ्यात आधी घरच्यांच्या लक्षात येतं. मला काय माहीत आजी एरवी कशा बोलतात? "आई अशी बोलत नाही हो" हे वाक्य मी कुठल्याही रिपोर्टइतकं गंभीरपणे घेते. आणखीही काही गोष्टी नातेवाइकांनाच ठाऊक असतात: रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कशाची अॅलर्जी, घरून आणलेलं काय खाल्लं, गावाकडच्या वैद्याने काय दिलं. विचारलं नाही तरी सांगा.

सगळ्यात तातडीचं आटोक्यात आलं की दुसऱ्या फळीची कामं येतात. दोनच्या औषधांपैकी वेळ चुकवून न चालणारी, म्हणजे अँटिबायोटिकसारखी, आधीच दिली होती, बाकीची आता. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोन तासांनी. ऑपरेशनवाल्यांकडून खोल श्वासाच्या व्यायामाचं ते तीन गोळ्यांचं खेळणं ओढून घेणं, पोटऱ्या बघणं, चालवणं, गॅस पास झाला का विचारणं. ही कामं राहिली म्हणून आज कोणी मरत नाही, त्यामुळे ती रोज मागे पडतात आणि चार दिवसांनी न्यूमोनिया किंवा पायातली रक्ताची गाठ होऊन पुढे येतात.

सहावे गृहस्थ शेवटी, पण त्यांचा हिशोबही नीट व्हायला हवा. डिस्चार्ज कार्ड हातात देऊन "समजलं ना?" विचारलं की सगळे हो म्हणतात. म्हणून मी उलटं विचारते, "घरी गेल्यावर कुठली गोळी कधी घेणार, मला सांगा बरं." त्यांनी बीपीची जुनी गोळी आणि तीच नव्या नावाची गोळी, दोन्ही घ्यायचं ठरवलं होतं. जुनीची पाकिटं काढून बायकोच्या पर्समध्ये वेगळी बांधून दिली. साडेतीनला ते गेले, जाताना हसून.

आजोबांना चारला पुन्हा थिएटरमध्ये नेलं. बांधलेल्या एका रक्तवाहिनीतून गळत होतं. रात्री ते आयसीयूत होते, नाडी ८८.

पाचला औषधांची ट्रॉली लावत होते तर काकूंनी हाक मारली. चंद्रोदय किती वाजता? मोबाइलवर बघितलं, नऊच्या सुमारास. म्हणजे जेवण नवाच्या पुढे, आणि संध्याकाळचं इन्सुलिन साडेसातला लिहिलेलं. चार्टवर लाल पेनाने टिपलं: 'आज संकष्टी. जेवण चंद्रोदयानंतर. इन्सुलिनची वेळ व डोस डॉक्टरांना विचारणे. ताट पेशंटने स्वतः खाल्ले का, ते बघणे.' आणि रात्रीच्या सिस्टरला ओव्हर देताना सगळ्यात आधी तेच सांगायचं ठरवलं.